फूल सांगानेरचे, नाव 'प्रेरणे'चे

गेल्या दिवाळीत आमची पुतणी भाऊबीजेला आली ती नव्या पोशाखात. हस्तिदंती रंगाचे तलम रेशीम, त्यावर डाळिंबी फुलांच्या नाजूक डहाळ्या, मधूनच निळसर पाने आणि पुढचे दोन्ही पल्ले एकमेकांवर घेऊन कमरेशी बंदाने बांधलेला घोळदार झगा. आजच्या भाषेत 'रॅप ड्रेस'. पोशाख खरोखरच देखणा होता. कपड्यांच्या बाबतीत ज्याचे मत घरात कोणी विचारत नाही, अशा माझ्यासारख्या गृहस्थाच्या तोंडूनही 'वा!' असा उद्गार निघाला. तिने मोठ्या कौतुकाने आतली पट्टी उलटून दाखवली. "काका, तुम्ही नेहमी म्हणता ना, आम्हा मुलींना आपल्या परंपरेचं काही नको असतं. मग हे वाचा." पट्टीवर इंग्रजीत दोनच ओळी होत्या. शंभर टक्के रेशीम. भारतीय हस्तकला परंपरांपासून प्रेरित.

खोटे कशाला बोलू? ऊर भरून आला. जगाच्या बाजारात भारताच्या नावाला मोल आले आणि आपल्या घरातली मुलगी ते नाव अभिमानाने अंगावर वागवते आहे, याचा आनंद होणे स्वाभाविक होते. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी झग्याची खालची घडी उलटी केली, कापड उजेडाकडे धरले आणि शांतपणे म्हणाल्या, "हे ठशाचं नाही गं. यंत्रातून निघालंय." फुलाची प्रत्येक पाकळी दुसऱ्या पाकळीसारखी, कुठे तसूभर सरक नाही, कुठे रंग जास्त बसलेला नाही. पुतणीने त्याचे चौदा हजार रुपये मोजले होते. पट्टीच्या अगदी तळाशी, भिंगाशिवाय दिसू नये अशा अक्षरांत, तो पोशाख जिथे तयार झाला त्या देशाचे नाव होते. तो देश भारत नव्हता.

"मग यात भारतीय काय आहे?" तिने विचारले. फराळाच्या ताटावर या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. पण प्रश्न मनातून गेला नाही. त्यामुळे त्याचा थोडा मागोवा घेतला, तो वाचकांपुढे ठेवतो.

बाराबंदी आणि 'बनियन'

आधी झग्याचा घाट पाहू. एक पल्ला दुसऱ्यावर घेऊन बंदाने बांधायचे वस्त्र आपल्याला परके नाही. अंगरखा तसाच असतो. आपल्याकडची बाराबंदी म्हणजे बंदांच्या सहा जोड्यांनी बांधलेला अंगरखाच. सोलापूरला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत आजही शुभ्र बाराबंदी घातलेले हजारो भक्त दिसतात. तान्ह्या बाळाचे झबलेही बंदांचेच. तथापि, जे आपले नाही त्यावर हक्क सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. जपानचा किमोनोही असाच गुंडाळला जातो. आणि आजचा 'रॅप ड्रेस' अमेरिकेत लोकप्रिय केला तो डायान फॉन फ्युरस्टेनबर्ग या विदुषीने, १९७४ साली. नोकरी करणाऱ्या स्त्रीला झटकन घालता यावा, तिच्या अंगाला शोभावा, हा तिचा हेतू होता. तो तिचाच म्हटला पाहिजे.

मात्र या घाटाचा एक जुना धागा भारतापर्यंत निश्चित येतो. सतराव्या शतकात इंग्लंड-हॉलंडमधील श्रीमंत पुरुष घरात वावरताना सैलसर, पुढून उघडा, गुंडाळून घ्यायचा झगा घालू लागले. त्याला ते 'बनियन' म्हणत, कारण त्यांच्या लेखी तो हिंदुस्थानातल्या बनियांचा, म्हणजे गुजराती वाण्यांचा वेष होता. तोच शब्द पुढे आपल्याकडे परत आला, तो गंजीफ्रॉकचे नाव होऊन! सॅम्युएल पेपिस हा त्या काळचा प्रसिद्ध रोजनिशीकार. त्याने १६६३ मध्ये पत्नीच्या खोलीच्या भिंती मढवण्यासाठी हिंदुस्थानी रंगीत कापड विकत घेतल्याची नोंद केली आहे. १६६६ मध्ये त्याने स्वतःचे चित्र काढून घेतले, तेव्हा अंगावर घालायला हिंदुस्थानी झगा आणला. तो भाड्याचा होता. ते चित्र लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. प्रतिष्ठेसाठी परक्या देशाचा झगा भाड्याने आणायची वेळ तेव्हा इंग्रजांवर होती, एवढेच येथे लक्षात ठेवावे.

रेशमाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्याचे मूळ चीनमध्ये आहे. आपल्याकडे टसर, मुगा यांसारखी वन्य रेशमे प्राचीन काळापासून आहेत. आपला खरा विषय त्यावरचे फूल.

चिटाने हादरलेले युरोप

आपल्या आज्यांच्या तोंडी 'चीट' हा शब्द असे. चिटाचे परकर, चिटाच्या गोधड्या. हिंदीत छींट. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा याच शब्दाचा अपभ्रंश. 'कॅलिको' हे नाव कालिकत बंदरावरून पडले आणि 'बंडाना' बांधणीवरून. कापडाबरोबर शब्दही जहाजात चढतात.

त्या कापडात असे काय होते? रंग. युरोपला कापड रंगवता येत होते. सुती कापडावर असे फूल उमटवणे, की जे धुतल्यावर अधिकच खुलेल, हे त्यांना साधत नव्हते. आपले रंगारी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवत. जिथे लाल हवा तिथे तुरटीचे पाणी ठशाने वा कलमाने लावत, जिथे काळा हवा तिथे गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून केलेले द्रावण. मग ते सारे कापड मंजिष्ठेच्या किंवा तशाच एखाद्या मुळीच्या रंगात उकळत. गंमत अशी, की ठसा मारताना खरा रंग दिसतच नाही. तो नंतर कढईत, धातूच्या क्षाराशी रंगाचा संयोग होऊन उमलतो. निळ्यासाठी मेणाने झाकून नीळ चढवायची. हे रसायनशास्त्र होते. ते पुस्तकात लिहिलेले नव्हते. बापाकडून मुलाकडे हातातून हातात जात होते, म्हणून कोणी त्याला शास्त्र म्हटले नाही.

या फुलांनी युरोपच्या विणकरांचा धंदा बुडवला, तेव्हा तिथल्या राज्यकर्त्यांनी जे केले ते मुक्त व्यापाराचे धडे देणाऱ्यांनी आवर्जून वाचावे. फ्रान्सने १६८६ साली छापील सुती कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत, म्हणजे ७३ वर्षे टिकली. इंग्लंडच्या संसदेने १७०० साली कायदा करून इराण, चीन आणि हिंदुस्थानातील रेशमी वस्त्रे व रंगीत-छापील सुती कापड वापरण्यास मनाई केली. तेही पुरले नाही. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी दंगे केले. चिटाचा झगा घालून रस्त्याने जाणाऱ्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले. १७२१ चा दुसरा कायदा आणखी कडक होता. तो १७७४ पर्यंत चालला.

बंदीच्या आड काय चालले होते? शिकवणी. १७४२ साली केर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने कोरोमंडळच्या किनाऱ्यावरून मायदेशी पत्र लिहून चिटाच्या रंगकामाची क्रमवार माहिती कळवली. ती त्याने मिळवली होती आपल्या हाताखाली धर्मांतर केलेल्या तिथल्याच कारागिरांकडून. फ्रान्समधील बंदी उठल्यानंतर वर्षभरातच, १७६० साली, ओबेरकाम्प्फ याने व्हर्सायजवळ झुई येथे छपाईचा कारखाना काढला आणि तो जगप्रसिद्ध झाला. १७८३ मध्ये थॉमस बेल याने रुळाच्या छपाईयंत्राचे पेटंट घेतले. मग ठसा मारणाऱ्या हाताची गरजच उरली नाही.

अठरा खंड

'प्रेरणा' या शब्दाचा खरा अर्थ पाहायचा असेल, तर १८६६ साली जावे लागते. जॉन फोर्ब्स वॉटसन हे लंडनच्या इंडिया ऑफिसातील अधिकारी. हिंदुस्थानात निरनिराळ्या प्रांतांत तयार होणाऱ्या वस्त्रांचे सातशे नमुने त्यांनी कापून, चिकटवून, लांबी-रुंदी-वजनाच्या नोंदींसह अठरा खंडांत बांधले. पगड्या, लुगडी, धोतरे, मलमल, छापील कापड, सारे काही. असे वीस संच तयार झाले. तेरा ब्रिटनमध्ये ठेवले, सात हिंदुस्थानात. हेतू लपवलेला नव्हता. हिंदुस्थानातील माणूस काय नेसतो, त्याला कोणता काठ आवडतो, हे मँचेस्टर आणि ग्लासगोच्या कारखानदारांना घरबसल्या कळावे आणि त्यांनी तेच यंत्रावर काढून इकडे विकावे, हा तो हेतू.

मला त्या अठरा खंडांविषयी, खरे तर, राग येत नाही. एक प्रकारचा आदरच वाटतो. आपल्या कोणा संस्थानिकाला किंवा सावकाराला आपल्याच वस्त्रांची अशी यादी करावी असे सुचले नव्हते. शत्रूने आपले मोल जाणले, आपण जाणले नाही, ही आपल्या इतिहासातली जुनीच कथा आहे.

त्याच काळात एक वेगळ्या वृत्तीचा इंग्रजही होता. लीक गावचा रंगारी थॉमस वॉर्डल. त्याने आपल्या टसर रेशमाचा अनेक वर्षे अभ्यास केला, त्यावर ग्रंथ लिहिले, १८८५-८६ मध्ये स्वतः हिंदुस्थानात येऊन पाहणी केली. त्याने हिंदुस्थानी रेशमावर हिंदुस्थानी वळणाची फुले ठशाने छापली आणि लंडनच्या लिबर्टी या दुकानाने ती विकली. आमच्या पुतणीच्या झग्याचे पणजोबा म्हणावे ते हेच! पण वॉर्डल आपले ऋण कुठले आहे ते सांगत असे. ज्या देशाकडून घेतले त्याचे रेशीम विकत घेत असे. ठसा मात्र त्याच्याही कारखान्यात इंग्रज हातच मारत होते.

इथे कोणी म्हणेल, आणि म्हणावेच, की आपणही घेतलेच की! होय, घेतले. सांगानेरच्या कापडावर पांढऱ्या भूमीवरचे ते एकेकटे डुलणारे फूल मुघल चित्रशैलीशी नाते सांगते. जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला, तेव्हा तिथली फुले पाहून तो वेडावला आणि उस्ताद मन्सूरकडून त्याने ती चितारून घेतली. ईस्ट इंडिया कंपनीने १६४३ साली लंडनहून कळवले होते, की पलंगपोसावर पांढरी भूमी अधिक ठेवा, फुले मध्ये घ्या. आपल्या कारागिरांनी तसे केले आणि त्यातून जे निपजले ते मूळ मागणीपेक्षा कितीतरी सुंदर होते. आपल्यातल्या काहींना हे ऐकायला आवडत नाही. पण परंपरा ही कुलूप लावलेली पेटी नव्हे, हे आपण नाही समजून घ्यायचे तर कोणी?

फरक दुसरीकडे आहे. १६४३ साली लंडनहून नमुन्याची मागणी आली, ती कारागिराच्या हातापर्यंत आली. कापड त्याने छापले, दाम त्याला मिळाला. आज वाहतूक उलटी झाली आहे. नमुना कारागिराच्या हातून उचलला जातो आणि मागणी दुसरीकडे जाते.

नामदेवांच्या तसबिरीखाली

काही वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी जयपूरला गेलो असता अर्धा दिवस मोकळा मिळाला, तो सांगानेरला काढला. विमानतळाच्या पलीकडे आता शहरातच मिसळून गेलेले हे गाव. एका घराच्या वरच्या मजल्यावर लांबच लांब मेज, त्यावर ताणलेले कापड आणि पन्नाशीचा एक कारागीर उभ्याने काम करीत होता. ठसा रंगाच्या तबकात टेकवायचा, कापडावर ठेवायचा, मुठीने एक ठोका, उचलायचा, पुढे. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. बाह्यरेषेचा तो 'रेख', भूमीचा 'गद', आतले भरायचा 'दत्ता'. ठसे गुजरातेत गांधीनगरजवळच्या पेथापूरहून कोरून आले होते. तिथल्या सुतारांचे हे पिढीजात काम.

मी मनाशी हिशेब मांडला. एका झग्याला चार मीटर कापड लागते असे धरू. पन्हा एक मीटर दहा सेंटिमीटर. ठसा पंधरा सेंटिमीटर चौरस. म्हणजे एका रंगासाठी सुमारे दोनशे ठोके. चार रंगांचे फूल असेल तर आठशे. आठशे वेळा डोळा, मनगट आणि श्वास एका रेषेत यायला हवा. एवढे करूनही कुठेतरी केसभर सरकतेच. आमच्या सौभाग्यवतींनी झग्यात शोधली ती हीच सरक. कापडावर माणूस होता याची ती खूण असते.

भिंतीवर एक तसबीर होती. जवळ जाऊन पाहिले तर हातात वीणा आणि चिपळ्या घेतलेले संत नामदेव! मी चकित होऊन विचारले. तो म्हणाला, आम्ही छिपा, नामदेववंशी. आमचे कुलपुरुष तेच. मी पंढरपूरच्या मुलखातून आलो आहे हे कळताच त्याने हातातला ठसा खाली ठेवला आणि माझ्या पायाला हात लावला. मला संकोचल्यासारखे झाले. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या आपल्या नामदेवांनी पंजाबात घुमानपर्यंत भक्तीची पेठ वसवली, हे आपण व्याख्यानांतून सांगतो. राजस्थानातल्या कापडावर फूल छापणारा माणूस त्यांच्याच नावाने आपली ओळख सांगतो, हे मात्र पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हते. (हे काम एकाच समाजाचे नाही, हेही सांगितले पाहिजे. कच्छमधील अजरखचे धनी मुसलमान खत्री आहेत आणि २००१ च्या भूकंपानंतर त्यांनी अजरखपूर हे नवे गावच त्या कलेच्या आधारावर उभे केले.)

त्याचा मुलगा काय करतो, असे मी विचारले. विमानतळावर सामान चढवतो-उतरवतो. पगार ठरलेला आहे, पावसाळ्यात काम बंद पडत नाही. बापाच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याच्या शेजारच्या गल्लीत तीच फुले जाळीच्या छपाईने दिवसाला शेकडो मीटर निघत होती आणि नाल्यात तिन्ही रंगांचे पाणी वाहत होते.

नाव राखता येते, फूल राखता येत नाही

२०२१ च्या ऑगस्टमध्ये एच अँड एम या स्वीडिश कंपनीने आपल्याच सब्यसाची मुखर्जी या नामांकित वेषकारासह एक वस्त्रमालिका बाजारात आणली. सांगानेरी वळणाच्या फुलांची यंत्रावर छापलेली वस्त्रे हातोहात खपली. त्यावर देशातील अनेक हस्तकला संस्थांनी खुले पत्र लिहून खेद व्यक्त केला. भारतीय वारशाचे नाव घेता, मग त्या वारशाच्या धन्यांना यातले काम का दिले नाही, असा त्या पत्राचा आशय होता. मुखर्जींचे म्हणणे असे, की भारतीय रचना जगभर पोहोचावी हा आपला हेतू आहे आणि हाताच्या कामाचे दालन वेगळे आहे. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. हाताने छापलेले कापड सर्वांना परवडेल अशा दरात लाखोंच्या संख्येने निघू शकत नाही, हे सत्य आहे. माझा यंत्राला विरोध नाही. सुरतच्या यंत्रांवरही आपलीच माणसे राबतात आणि आपल्या बहुतेक भगिनींच्या कपाटातील साड्या तिथल्याच आहेत. विरोध आहे तो यंत्राच्या मालाला हाताचे पुण्य चिकटवण्याला.

कायदा काय म्हणतो? भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ पासून. सांगानेरी ठसेछपाईला त्याखाली नोंदणी मिळालेली आहे. पण हा कायदा नावाचे रक्षण करतो. यंत्रावर छापलेल्या कापडाला 'सांगानेरी हातछपाई' म्हणता येणार नाही, एवढेच. फूल मात्र कोणीही छापावे. नव्या रचनेला संरक्षण देणारा वेगळा कायदा आहे. तो पंधरा वर्षांपलीकडे जात नाही आणि शेकडो वर्षांच्या जुन्या फुलाला तर तो लागूच होत नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे पुतणीच्या झग्याच्या पट्टीवरचे शब्द किती मोजून-मापून लिहिले होते ते उमगते. सांगानेर म्हटले तर उत्तरदायित्व येते. बगरू म्हटले तरी येते. 'भारतीय हस्तकला परंपरा' म्हटले की कोणाचेच देणे लागत नाही, आणि भारतीय गिऱ्हाइकाचा ऊर मात्र भरून येतो. माझा आला, तसा.

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण महाराष्ट्राने नुकतेच अनुभवले आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन कंपनीने थेट कोल्हापुरी वळणाच्या चपला मिरवल्या, त्या केवळ चामडी चपला म्हणून. कोल्हापूरचे वा भारताचे नावही नव्हते. गदारोळ झाल्यावर कंपनीने भारतीय पादत्राणांचे ऋण मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिका टिकली नाही. नोंदणीचे धनी स्वतः दाद मागू शकतात, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २०१९ ची ती नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार करून इथल्या कारागिरांकडून मर्यादित संख्येने चपला बनवून घेण्याचे ठरवले. त्यातून चर्मकार बांधवांच्या पदरात नेमके किती पडते ते पुढे दिसेलच. पण नाव घ्यायला लावले, म्हणून मागणी कारागिराच्या दारापर्यंत आली. सांगानेरच्या फुलासाठी असा गदारोळ का होत नाही? चप्पल आपल्या जिल्ह्यातली होती म्हणून आपण ओरडलो, एवढेच का?

सरकारविषयीही एक शब्द. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून २०१५ पासून साजरा होतो. १९०५ च्या स्वदेशी चळवळीचे ते स्मरण आहे आणि ते उचितच आहे. परंतु २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळ आणि हस्तकला मंडळ ही दोन्ही मंडळे बरखास्त झाली. ती फार काही करीत होती असे नाही. तरी विणकरांच्या आणि कारागिरांच्या प्रतिनिधींना शासनासमोर अधिकृतपणे बसता येईल अशी ती जागा होती. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून हे बोलायचे नाही, असे मला वाटत नाही. उलट त्यांनाच हे अधिक मोकळेपणाने सांगता यावे.

आणि आपण? रेशीम घेताना आपल्या घरातील स्त्रिया 'सिल्क मार्क' पाहतात. २००४ पासूनची ही खूण रेशीम खरे असल्याची ग्वाही देते. फूल हाताने उमटले की यंत्राने, याबद्दल ती काही बोलत नाही, आणि आपणही विचारत नाही. लग्नाच्या बस्त्यात सत्तर हजारांची खरेदी करणारी मंडळी ठशाच्या ओढणीसाठी शंभर रुपयांवरून घासाघीस करताना मी पाहिली आहेत. स्वदेशीवरच्या आमच्या बौद्धिकांना टाळ्या देणारी मंडळीच ती.

पुतणीने मात्र एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. तिने त्या कंपनीला पत्र पाठवून विचारले, की ही प्रेरणा नेमकी कोणत्या गावाची, आणि त्या गावाला त्यातून काय मिळाले? नऊ दिवसांनी उत्तर आले. आमच्या रचनाकारांनी भारताच्या समृद्ध वारशातून प्रेरणा घेतली आहे, आपल्या पसंतीबद्दल आभार.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली तेव्हा तिने माझ्याकडे सांगानेरचा पत्ता मागितला. जुन्या वहीतला दूरध्वनी क्रमांक सुदैवाने चालू निघाला. तो कारागीर अजून काम करतो. नवे ठसे कोरून घ्यायचे तर पेथापूरहून यायला वेळ लागेल, म्हणाला. पण आजोबांच्या वेळचा एक चार रंगांचा बुट्टा जपून ठेवला आहे, तो रेशमावर चांगला उठेल. दर सांगितला. इथली शिलाई धरूनही तो चौदा हजारांच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. पुतणीने साडेचार मीटर रेशीम गेल्या आठवड्यात पाठवून दिले. फाल्गुनात मिळेल, असे त्याने कळवले आहे. थंडीत रंग सावकाश वाळतो.